मांजराचा आहार : समज आणि वस्तुस्थिती

मांजर आणि दूध यांची सांगड मराठी भाषेने म्हणींतूनच घालून ठेवली आहे. शिंके तुटले की बोक्याचे फावते. मांजर डोळे मिटून दूध पिते. घरोघरी मांजरापुढे दुधात कुस्करलेली भाकरी किंवा दूधभात ठेवला जातो तो याच समजुतीपोटी. मांजर ते आवडीने खातेही. परंतु आवडणे वेगळे आणि पोसले जाणे वेगळे. धान्याच्या राखणीसाठी ज्या घरांत, गोदामांत वा शाळांच्या कोठीघरांत मांजर ठेवले जाते, तेथे हा भेद जाणून घेणे अगत्याचे आहे.

कुत्रा भाकरीवर बऱ्याच अंशी निभावून नेतो. मांजराचे तसे नाही. ते पूर्णतः मांसाहारावर घडलेले जनावर आहे. आहारातील प्रथिने घटली की इतर अनेक प्राण्यांचे शरीर काटकसर करू लागते. मांजराच्या यकृताला ही काटकसर फारशी साधत नाही. ते प्रथिने खर्च करीतच राहते. गाजर, पालेभाज्या यांतील कॅरोटीनपासून माणसाचे शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. मांजराला ते जमत नाही, म्हणून हे जीवनसत्त्व त्याला प्राणिज अन्नातून आयतेच मिळावे लागते. गोडाची चव ओळखण्यास लागणारे एक जनुक मांजरात निकामी झालेले असते, हे २००५ साली सिद्ध झाले. शिऱ्याच्या वाटीकडे मांजर वळलेच, तर ते साखरेसाठी नव्हे, तुपासाठी वळते असे समजावे.

सर्वांत महत्त्वाचे द्रव्य म्हणजे टॉरिन. ते मांस व मासळी यांत असते, धान्यात जवळजवळ नसतेच. टॉरिन न मिळालेल्या मांजरांच्या डोळ्यातील दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो, हे अमेरिकन संशोधकांनी १९७५ साली दाखवून दिले. १९८७ साली याहून गंभीर बाब उघडकीस आली. तयार खाद्यावर पोसलेल्या काही मांजरांची हृदये पसरून दुबळी झाली होती आणि त्याचे कारण टॉरिनची उणीव हेच होते. टॉरिन पुरविताच हृदयाची स्थिती बरीच सुधारली. गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिनचे प्रमाण वाढविण्यात आले. कुत्र्यांसाठीच्या खाद्यात ते मांजराला पुरेल इतके असेलच असे नाही. म्हणून ते मांजराला नेहमी घालू नये.

दुधाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. पिलू आईचे दूध पचविते, कारण दुग्धशर्करा मोडणारे विकर त्याच्या आतड्यात भरपूर असते. पुढे ते घटत जाते आणि अनेक मोठ्या मांजरांना दुधाने हगवण लागते. ज्याला सोसते त्याला थोडे दूध देण्यास हरकत नाही; पण दूध म्हणजे पाणी नव्हे. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातील असल्याने त्याला तहान कमी लागते. म्हणूनच स्वच्छ पाण्याचे भांडे सदैव समोर असावे.

‘मांजराला खायला घातले की ते उंदीर धरीत नाही’ हा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः शिकारीची प्रेरणा सर्वस्वी भुकेवर अवलंबून नसते. पोट भरलेले मांजरही उंदीर दिसताच झेप घेते. चार्ल्स एल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने इंग्लंडमधील शेतवाड्यांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध केला. उंदीर आधी अन्य उपायांनी हटविले आणि मग मांजरांना नियमित दूध देऊन इमारतींजवळ टिकवून ठेवले, तर तेथे उंदीर पुन्हा शिरत नाहीत, असे त्यात दिसून आले. तेथेही दूधच दिले जात होते हे खरे, पण ते शिकारीला जोड म्हणून. मुरलेली वसाहत मात्र एकटे मांजर हटवू शकत नाही, आणि मोठ्या घुशीच्या वाटेला बहुतेक मांजरे जात नाहीत. विष वापरल्यास मेलेले उंदीर तत्काळ खोल पुरावेत, अन्यथा राखणदारच विषबाधेने मरतो.

तीन-चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाला सुमारे २०० ते २५० किलोकॅलरी लागतात. एका लहान उंदरातून सुमारे ३० मिळतात. म्हणजे केवळ शिकारीवर जगायचे तर रोज सात-आठ उंदीर हवेत. उरलेली तूट भरून काढणे फार खर्चाचे नाही. मासळी बाजारातील डोकी व साफसफाईतील भाग, कोंबडीचे काळीज, हृदय हे स्वस्तात मिळते. ते मीठ, कांदा, लसूण न घालता शिजवावे. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. टॉरिन पाण्यात उतरते म्हणून शिजविलेले पाणी फेकू नये, त्यातच थोडा भात कालवावा. काही जातींच्या कच्च्या माशांत ‘ब१’ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते, तेही शिजविल्याने निकामी होते. शिजविलेली हाडे टोचतात, ती काढून टाकावीत. काळीज आठवड्यातून एक-दोनदाच पुरे. रोज दिल्यास ‘अ’ जीवनसत्त्व साचून मणके आखडतात. मांजर दिवसभरात थोडे थोडे अनेकदा खाते, म्हणून एकदाच ढीग घालण्यापेक्षा दोन-तीन वेळा द्यावे.

शाकाहारी घरात मोकळे फिरणारे मांजर आपली गरज बाहेर भागविते. दाराआड कोंडलेल्या मांजराला मात्र टॉरिनयुक्त तयार खाद्य देण्यावाचून गत्यंतर नसते.

मांजराने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. उपासाने त्याच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठू लागते. घरातली पॅरासिटामॉलची गोळी तर कदापि देऊ नये. माणसाचा ताप उतरविणारी ती एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.