खिशातील हत्यारपेटीची पारख

एकाच हत्याराने दोन कामे व्हावीत ही कल्पना मराठी स्वयंपाकघराला नवीन नाही. विळीच्या पात्यावर भाजी चिरावी आणि त्याच पात्याच्या टोकाशी असलेल्या खवणीवर नारळ खवावा, ही सोय कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. या साध्या वस्तूत रचनेचे एक मोठे तत्त्व दडलेले आहे. चिरण्याचे काम धारेवर होते, खवण्याचे टोकावर. एक काम दुसऱ्याच्या आड येत नाही आणि बसणाऱ्याचा भार दोन्ही वेळी तोच पाट स्थिर ठेवतो. जेथे दोन कामे एकमेकांना अडवीत नाहीत, उलट एकच आधार वाटून घेतात, तेथे बहुउपयोगी हत्यार यशस्वी झाले असे समजावे. खिशात मावणाऱ्या घडीच्या हत्याराची पारख करतानाही हीच कसोटी प्रथम लावावयाची असते.

अशा हत्याराचा इतिहासही जुना आहे. इंग्लंडमधील केंब्रिज येथील फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातील एक चांदीचे घडीचे हत्यार आहे. त्यात चमचा, काटा, टोचणी, दातकोरणे आणि लोखंडी पाते अशी निरनिराळी साधने एकाच मुठीत बसविलेली आहेत. परंतु आज जगभर ज्या प्रकारचा चाकू खिशात दिसतो, त्याचा जन्म स्वित्झर्लंडमध्ये झाला, आणि तोही चैनीसाठी नव्हे, तर गरजेपोटी. स्विस सैन्याने 1889 च्या नमुन्याची नवी बंदूक स्वीकारली. ती उघडून साफ करावयाची तर स्क्रूड्रायव्हर हवा. शिबिरातील डबे उघडावयाचे तर निराळे साधन हवे. म्हणून पाते, आरी, डबा उघडण्याचे हत्यार आणि स्क्रूड्रायव्हर या चौघांना एका लाकडी मुठीत बसविणारा चाकू ठरविण्यात आला. एवढे काम अंगावर घेईल असा कारखाना त्या वेळी देशात नसल्याने पहिले चाकू जर्मनीतील झोलिंगेन गावाहून आले. इबाख येथील कार्ल एल्सनर या चाकू बनविणाऱ्याने 1891 मध्ये हे काम स्वदेशात आणले. पण झोलिंगेनच्या स्वस्त मालापुढे त्याचा टिकाव लागेना आणि तो दिवाळखोरीच्या काठावर येऊन ठेपला.

त्याला तारले ते नव्या रचनेने. सैनिकांचा चाकू मजबूत, पण जड होता. एल्सनरने 1897 मध्ये एक हलका व सुबक चाकू तयार केला. त्यात आणखी एक लहान पाते आणि बूच काढण्याचा मळसूत्री आकडा आला, म्हणजे हत्यारे सहा झाली. परंतु त्यांना धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा मात्र दोनच राहिल्या. एकच स्प्रिंग मुठीच्या दोन्ही अंगांच्या हत्यारांना दाब देते, ही त्यातील खरी युक्ती होय. विळीच्या पाटाने दोन कामांना एक आधार द्यावा, तसाच हा प्रकार. सरकारने हा चाकू सैन्याला पुरविला नाही. अधिकारी तो पदरच्या पैशाने विकत घेत. पुढे एल्सनरने आपल्या आईचे व्हिक्टोरिया हे नाव मालाला दिले आणि 1921 मध्ये न गंजणाऱ्या पोलादाचा वापर सुरू झाल्यावर त्या पोलादाचे ‘इनॉक्स’ हे नाव तिच्या नावाशी जोडले गेले. ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हे नाव असे घडले.

दुसरी मोठी रचना अमेरिकेत जन्मली. टिम लेदरमन हा यंत्रशास्त्र शिकलेला तरुण 1975 साली पत्नीसह जुन्या फियाट मोटारीतून युरोप फिरत होता. मोटार वारंवार बिघडे; खिशात चाकू होता, पण दर वेळी गरज भासे ती पकडीची. परत गेल्यावर त्याने वर्षानुवर्षे खटपट केली, 1980 मध्ये पेटंट मिळविले आणि 1983 मध्ये पहिले हत्यार बाजारात आणले. त्यात पकड मध्यभागी होती, तिच्या दोन मुठी घडी होऊन तिच्यावरच मिटत, आणि बाकीची हत्यारे त्या मुठींच्या पोकळीत राहत.

या दोन रचनांतील भेद ध्यानात घेतला की गिऱ्हाइकाचा अर्धा प्रश्न सुटतो. पहिली रचना पात्याभोवती उभी आहे, दुसरी पकडीभोवती. ज्याला फळ कापावयाचे, पाकीट उघडावयाचे, दोरी तोडावयाची, त्याला पहिली पुरे. ज्याला सायकल, पंप, विजेची तार, खिळे यांच्याशी रोज झुंजावे लागते, त्याला दुसरी हवी. मुख्य काम कोणते हे ठरविल्याशिवाय दुकानात पाऊल टाकणारा मनुष्य हत्यारांची संख्या मोजू लागतो, आणि तेथेच फसतो. व्हेंगर या दुसऱ्या स्विस कंपनीने 2006 मध्ये एक अजस्र चाकू काढला. त्यात 87 हत्यारे होती व त्यांचे उपयोग 141 सांगितले होते. वजन एक किलोहून अधिक भरले. ती कारागिरीची करामत होती, पण तो चाकू ना खिशात मावत असे, ना मुठीत. एखाद्या हत्याराची प्रत त्यातील उपयोगांच्या बेरजेवरून ठरत नाही. जे काम सर्वांत अधिक वेळा करावयाचे, ते किती चोख होते यावरून ठरते.

आता पोलादाकडे वळू. मराठीत हत्याराला ‘पाणी देणे’ असा शब्दप्रयोग आहे. तापविलेले पोलाद एकदम थंड केले की ते कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून त्याला पुन्हा बेताने तापवून थोडा चिवटपणा आणावा लागतो. कठीणपणा आणि चिवटपणा यांचे हे भांडण कोणत्याही पोलादात पुरते मिटत नाही. कठीण पात्याची धार टिकते, पण कड उडण्याची भीती असते. मऊ पात्याची धार लवकर जाते, पण ते वाकले तरी तुटत नाही. म्हणूनच चांगल्या चाकूत सर्व हत्यारांना सारखे पाणी दिलेले नसते. कठीणपणा मोजण्याच्या रॉकवेल मापावर व्हिक्टोरिनॉक्सचे पाते सुमारे 56 अंश भरते. कात्री व करवत 53 च्या आसपास, स्क्रूड्रायव्हर व डबा उघडण्याचे हत्यार 52, तर स्प्रिंग आणि बुचाचा आकडा 49 च्या जवळपास असतो. पात्याला धार राखावयाची असते, स्क्रूड्रायव्हरला पीळ सोसावयाचा असतो आणि स्प्रिंगला हजारो वेळा वाकून पुन्हा सरळ व्हावयाचे असते. ज्याचे जसे काम तसे त्याचे पाणी. शिवाय ‘न गंजणारे’ पोलाद हे नाव शब्दशः घेऊ नये. त्यातील क्रोमियममुळे गंज दूर राहतो हे खरे. परंतु गोव्याच्या किंवा कोकणच्या खाऱ्या हवेत, ओला चाकू तसाच मिटून ठेवल्यास सांध्यात डाग पडू लागतात.

दुकानात पोलादाचे पाणी मोजण्याचे साधन नसते; पण डोळे, कान आणि बोटे असतात, आणि त्यांच्याकडून पुष्कळ कळते.

प्रथम चाकू मिटलेला असतानाच उजेडासमोर धरावा. मुठीचे थर एकमेकांना चिकटून बसले असावेत. मधून उजेडाची रेघ दिसली तर जोडणी कच्ची समजावी. मग पाते अर्धे उघडून पाहावे. ते मुठीच्या बरोबर मध्यातून वर यावे, बाजूच्या पत्र्याला घासू नये. नखासाठी कोरलेली खाच एवढी खोल असावी की नख न तुटता पाते उघडेल. पुरे उघडताना आणि मिटताना शेवटी स्पष्ट ‘टक्’ असा आवाज यावा. हा आवाज म्हणजे स्प्रिंगने पाते आपल्या जागी ओढून घेतल्याची साक्ष होय. पाते लोळागोळा होऊन नुसते पडत असेल, तर ती स्प्रिंग दुबळी आहे.

यानंतर उघडे पाते दोन बोटांत सपाट बाजूंनी धरून आडवे हलवावे. सांधा डुगडुगत असेल तर ते हत्यार परत ठेवावे. नवे असताना जे हलते ते वर्षभरात खुळखुळू लागते. हीच परीक्षा घडीच्या विळीलाही लागू आहे, आणि घरातील स्त्रिया ती न शिकवता करीत असतात.

येथे एक गोष्ट विशेष जपून समजून घ्यावयास हवी, कारण तिच्याशी बोटांचा संबंध आहे. साध्या चाकूचे पाते केवळ स्प्रिंगच्या दाबाने उघडे राहते. त्याला खटका नसतो. अशा पात्याने टोचण्याचे काम केले, किंवा पाते अडकले असता त्याच्या पाठीवर दाब पडला, तर ते थेट बोटांवर मिटते. खटक्याच्या चाकूत पाते उघडताच आतला पत्रा किंवा कळ त्याच्या बुडाशी येऊन बसते व कळ सोडविल्याखेरीज ते मिटत नाही. खटका पाहावयाचा तर बोटे पात्याच्या वाटेतून पूर्ण बाहेर ठेवावीत आणि पात्याची पाठ लाकडावर हलकेच दाबावी. खटका सरकता कामा नये. स्विस सैन्याने 2008 मध्ये जो नवा चाकू घेतला, त्याला एका हाताने उघडणारे व खटक्याने स्थिर होणारे पाते आहे, यावरून या सोयीचे महत्त्व कळून येते. मात्र खटका असला तरी निष्काळजीपणाला मुभा मिळाली असे नव्हे.

पकडीची पारख निराळी. ती मिटून उजेडाकडे धरावी. जबड्यांची टोके नेमकी एकमेकांवर बसावीत. टोके उघडी राहून मागचा भागच भिडत असेल, तर बारीक तार तिच्यात धरली जाणार नाही. पकड ही तरफ आहे. सांध्यापासून हाताचा दाब 8 सेंटिमीटरवर आणि वस्तू 1 सेंटिमीटरवर असेल, तर जोर आठपट होतो. वस्तू 4 सेंटिमीटरवर गेली की तो दुपटीवर येतो. म्हणूनच तार तोडण्याची धार सांध्यालगत असते, आणि अडकित्त्यातही सुपारी सांध्याजवळ धरतात. जोराने दाबताना मुठीच्या कडा तळहातात रुततात की नाही, हेही पाहावे. लेदरमनच्या पहिल्या हत्याराचा हा दोष पुष्कळांना जाणवला होता. शिवाय पाते काढावयाचे तर आधी सारी मूठ उलगडावी लागे. त्याच कंपनीने 1998 मध्ये ‘वेव्ह’ हा नमुना काढला, त्यात पाती मुठीच्या बाहेरील अंगास आली आणि एका हाताने उघडू लागली. चांगला कारागीर आपल्या मालाचा दोष जाहिरातीने झाकीत नाही, पुढच्या नमुन्यात काढून टाकतो.

स्क्रूड्रायव्हरचे टोक निमुळत्या पाचरीसारखे नसावे. पाचर खाचेत पुरती बसत नाही आणि पीळ देताच वर उसळून स्क्रूचे तोंड बिघडविते. टोकाजवळच्या दोन्ही बाजू समांतर असाव्यात. कात्रीने पातळ कागद बुडापासून टोकापर्यंत न चिमटता कापला गेला पाहिजे. करवतीचे दात एकाआड एक दोन्ही बाजूंना किंचित कललेले, अथवा त्यांची पाठ दातांपेक्षा पातळ असावी. नाहीतर ती लाकडात अडकून बसते. आणि एक हत्यार उघडताना शेजारची दोन सोबत निघत असतील, तर रचनाकाराने घाई केली आहे असे खुशाल समजावे.

बाजारात लखलखीत मुलाम्याचे स्वस्त नमुने पुष्कळ येतात. त्यांत हत्यारांची संख्या नेहमी मोठी असते. मुलामा डोळ्यांना सुखवितो, परंतु तो निघाला की खालचे लोखंड गंजते. आणि जेथे भार पडतो तो सांधा बहुधा मऊ रिव्हेटवर उभा असतो. असे हत्यार घरी असताना मोडत नाही. ते मोडते रात्री, आडरस्त्यावर, जेव्हा सायकलची साखळी निसटलेली असते. हत्याराचा खरा खर्च त्या वेळी समजतो. म्हणून किमतीबरोबर हमीही विचारावी. व्हिक्टोरिनॉक्स आपल्या चाकूच्या धातूतील व घडणीतील दोषांची जन्मभर हमी देते, तर लेदरमन आपल्या हत्यारांची 25 वर्षांची.

चांगले हत्यार मिळाल्यावर त्याची निगा थोडकीच असते. सांध्यात साचलेली धूळ कोमट पाण्यात उघडझाप करून काढावी, नीट सुकवावे, थेंबभर तेल द्यावे. पात्याने डबा उचकटू नये आणि स्क्रूड्रायव्हरने पहार मारू नये. विमानाने जाताना हा चाकू हातातील पिशवीत चालत नाही. तो सामानात द्यावा. मुलांच्या हाती द्यावयाचा तर आधी मिटावयास शिकवावे, मग उघडावयास.

सुताराच्या पेटीची बरोबरी खिशातील हत्यार कधीच करणार नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. पेटीपर्यंत पोचेपर्यंतचा प्रसंग निभावून नेणे एवढेच त्याचे काम. जे हत्यार चारच कामे करते पण ती चोख करते, ते चाळीस कामे अर्धवट करणाऱ्यापेक्षा थोर होय. आणि हे ओळखण्यास दुकानातील पाच मिनिटे व थोडासा उजेड पुरतो.