आश्रयगृहातला सोबती

घरात कुत्रे किंवा मांजर पाळावे असे मनात आले की पावले बहुधा विक्रेत्याकडे वळतात, आणि तेथे पहिली चौकशी होते ती जातीची. वाचकहो, त्या वाटेने जाण्यापूर्वी आपल्या शहरातील प्राण्यांच्या आश्रयगृहात एकवार अवश्य जाऊन यावे.

ही आश्रयगृहे आपल्याकडे नवी नव्हेत. १८३२ च्या जून महिन्यात, भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मुंबईतील पारशी समाज रस्त्यावर उतरला व दंगल झाली. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने तेथील पांजरपोळ उभे राहिले. पुढे १८८३ साली परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय निघाले. मद्रासेत १९५९ मध्ये ब्ल्यू क्रॉसचे कार्य सुरू झाले.

आश्रयगृहात गेलेल्या बहुतेकांना पिल्लूच हवे असते. पिल्लू गोजिरवाणे खरेच. परंतु चपला कुरतडणे, रात्री केकाटणे, नको तेथे घाण करणे हे सारे त्याच्याबरोबर येते. दोन-चार वर्षांच्या कुत्र्याचा आकार आणि स्वभाव मात्र ठरून गेलेला असतो. पिंजऱ्यात तोंड फिरवून बसलेले किंवा अखंड भुंकणारे जनावर घरीही तसेच वागेल असे समजू नये. दोन-तीनदा भेटावे, साखळी धरून थोडे फिरवावे, आणि त्याला रोज खाऊ घालणाऱ्या माणसाला विचारावे. आमच्या मते त्याच्याइतके खरे दुसरे कोणी सांगत नाही.

यापुढचा प्रश्न आपल्यालाच विचारावयाचा. कुत्रे दहा-बारा वर्षे जगते, घरातले मांजर पुष्कळदा त्याहून अधिक. आज ज्या मुलाच्या हट्टासाठी आपण ते आणता, तो ते म्हातारे होईतो नोकरीनिमित्त परगावी गेलेला असेल. बदलीची नोकरी असेल, घर भाड्याचे असेल, तर घरमालकाशी आधी बोलावे. सबळ कारणाविना जनावर उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि एकदा घर पाहून परत पिंजऱ्यात आलेल्या कुत्र्याची दशा पाहवत नाही.

शाकाहारी कुटुंबांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पोळी-भात, दही, अंडे यांवर कुत्र्याची सोय वैद्याच्या सल्ल्याने लावता येते. मांजराला मात्र मांसाहारच लागतो, आणि नुसत्या दूधभातावर ते निरोगी राहत नाही. पुष्कळ मोठ्या मांजरांना तर दूध पचतही नाही. कांदा, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला कधीही देऊ नये. लाडापोटी मुलांकडून हे हमखास घडते.

पिसाळ रोगाची लस पिल्लाला सुमारे तीन महिन्यांचे झाल्यावर टोचतात व पुढे वैद्य सांगतील तेव्हा पुन्हा टोचावी लागते. चावा घरच्या कुत्र्याचा असला तरी जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हळद, चुना, तिखट यांवर विसंबू नये. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्यच असते.

पहिले काही दिवस नवा पाहुणा खाटेखाली दडून बसेल, कदाचित एक वेळ जेवणारही नाही. त्याला ओढून बाहेर काढू नये, शेजाऱ्यांना पाहावयास बोलावू नये. पाण्याचे भांडे जवळ ठेवून आपले काम करीत राहावे. मांजराला आरंभी एकाच खोलीत ठेवावे, खिडक्या बंद असाव्यात. आश्रयगृहातून निघताना लसीचा कागद आणि शस्त्रक्रिया झाली असल्यास तिची नोंद मागून घ्यावी. जमल्यास ते ज्यावर निजत असे ते फडकेही आणावे. त्या वासाने पहिली रात्र पुष्कळ सोपी जाते.