नाल्याला गेलेले खत

दीपनगरच्या वीज केंद्राची धुराडी दिसू लागली, की तापीचा काठ जवळ आला हे ओळखावे. या भागातल्या काळ्या जमिनीत केळी आणि कपाशी पिकते, आणि खत टाकताना सहसा कोणी हात आखडत नाही. पण टाकलेले सारे खत पिकाच्या मुळाशी पोचते का?

खत दोन वाटांनी निसटते. युरियातून तयार झालेले नायट्रेट पाण्यात विरघळून खाली झिरपते आणि विहिरीला मिळते. स्फुरद मातीच्या कणांना चिकटते. माती वाहिली की तेही नाल्यातून नदीला जाते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळजवळ २१ किलो नत्र असते. त्यातले जे वाहून गेले, ते आपल्या खिशातूनच गेले.

ही वाट आता संगणकावरच्या नकाशाने शोधता येते. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात जळगाव जिल्ह्यातली गावेही होती. त्यासाठी मुंबईच्या आय.आय.टी.ने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत तयार केली. जमिनीचा पोत, खोली, उतार आणि पीक यांचे नकाशे एकावर एक ठेवून त्यांना पावसाची जोड दिली, की किती पाणी मुरले आणि किती वाहून गेले याचा अंदाज मिळतो.

हा हिशेब पाण्याचा, खताचा नव्हे. पण खत पाण्याच्या पाठीवर बसूनच जाते. म्हणून त्याच नकाशावर माती परीक्षणाचे आकडे आणि नाल्याचे अंतर मांडले, की धोक्याचा तुकडा उठून दिसतो. सारे शेत सारखे नसते. बहुधा उताराचा आणि नाल्याकाठचा कोपराच दगा देतो.

शेतकरी बंधूंनो, गावनकाशावर पेन्सिलीनेही हे कोपरे खुणावता येतील. तिथे उताराला आडवी पेरणी करावी, नाल्याकाठी गवताचा पट्टा राखावा, युरिया हप्त्याहप्त्याने द्यावा आणि जोराचा पाऊस येणार असेल तर हात थांबवावा. केळीला ठिबकातून थोडे थोडे खत द्यावे.

भगिनींनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे. ते उकळून जात नाही. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला त्याचा मोठा धोका असतो. तेव्हा शेतालगतच्या विहिरीचे पाणी एकदा तपासून घ्याच.