मेलबर्नचे वार्तापत्र : नळ कोणता, सांधा कोणता

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात भुयारी गटारांना घरे जोडण्याचे काम १८९७ साली सुरू झाले आणि त्यानंतर अनेक दशके अंगणाखालून मैलापाणी नेणारे नळ भाजून झिलई दिलेल्या मातीचे असत. या नळांचे तुकडे साधारण साठ सेंटिमीटर लांबीचे, म्हणजे बारा मीटरच्या अंतरात वीसएक तुकडे. आणि सिमेंटच्या लुकणाने बुजवलेले त्यांचे सांधे जमीन किंचित हलली तरी तडकत. हे नळ आता बदलावे लागत आहेत. येथील व्यवस्थेत सार्वजनिक वाहिनीच्या जोडापर्यंतचा नळ घरमालकाचा मानला जातो, त्यामुळे कोणता नळ घालायचा याचा विचार परवानाधारक प्लंबरच्या सल्ल्याने त्यालाच करावा लागतो.

अशा तडकलेल्या सांध्यांचा फायदा झाडांची मुळे घेतात. झाडाचे मूळ सहसा धडधाकट नळ फोडत नाही; केसाएवढे त्याचे टोक सांध्याच्या फटीतून आत शिरते, तेथे पाणी, खत आणि हवा ही तिन्ही एकत्र लाभल्यामुळे त्याचे जाळे होते, आणि पुढे ते जाड होऊ लागले की सांधा उकलतो. (येथील उद्यानांतले प्रचंड मोर्टन बे फिग वृक्ष वड-पिंपळांच्याच कुळातले आहेत, हे कळल्यावर मराठी वाचकाला वाड्याच्या भिंती आठवाव्यात.) मुळे पाण्याचा वास काढत येतात हा समज मात्र अपुरा आहे, कारण जर्मनीतील संशोधनानुसार चरातील सैल भराव आणि सांध्यातील पोकळी हीच त्यांची वाट ठरते, म्हणून नळाभोवतीचा भराव नीट दाबणे हाही निवडीचाच भाग समजला पाहिजे.

आज सर्रास वापरला जाणारा पीव्हीसी नळ सहा मीटर लांबीचा मिळत असल्याने सांध्यांची संख्या एकदम घटते, आणि त्याचा मोठा गुण हाच आहे. परंतु स्वीडनमध्ये केलेल्या पाहण्यांत रबरी कड्यांनी जोडलेल्या पीव्हीसी नळांतही मुळे आढळली आहेत. द्रावणाने चिकटवलेल्या सांध्यात फटच उरत नाही, पण तो ताठर असतो; आणि मेलबर्नच्या पश्चिम भागातली बेसॉल्टची चिकणमाती, दख्खनच्या काळ्या जमिनीसारखीच, ओलाव्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. उष्णतेने टोके वितळवून जोडलेला पॉलिथिनचा नळ लवचीकही असतो आणि अखंडही, म्हणून मोठ्या झाडाजवळ तो अधिक योग्य वाटतो. त्याच्या जोडणीला मात्र खास यंत्र आणि सरावाचा हात लागतो.

खोदकामाने झाडाची मुळे तुटण्याचा धोका असेल, तेथे जुन्या नळात राळेत भिजवलेले अस्तर घालून ते आतल्या आत कडक करण्याची, १९७१ साली लंडनमध्ये प्रथम वापरली गेलेली पद्धत अवलंबतात. अस्तर घालण्यापूर्वी मुळे पूर्ण कापून नळ धुवावा लागतो आणि फाटे फुटतात तेथे अस्तर कापून उघडावे लागते. त्या कापाच्या कडा नीट बंद केल्या नाहीत, किंवा नवा नळ जुन्या मातीच्या नळाला भेटतो तो शेवटचा सांधा घाईने उरकला, तर मुळे पुन्हा नेमकी तेथूनच शिरतात.