कानावरील दाब आणि परागज्वर

इंग्लंडांत गवतास फुलोरा आला कीं कित्येकांना शिंकांमागून शिंका येऊं लागतात, नाक वाहतें, डोळे चुरचुरतात. १८१९ सालीं डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनीं स्वतःच्याच या व्याधीचें वर्णन प्रसिद्ध केलें. तिचें मूळ वाऱ्यावर उडणारे परागकण होत, हें मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकले यांनीं १८७३ मध्यें दाखवून दिलें. निरुपद्रवी परागास शरीर शत्रु समजतें व हिस्टामिन नांवाचें द्रव्य सोडतें; त्यामुळें हा त्रास होतो.

मग नाकाच्या विकारावर कान दाबण्याचा उपाय आला कोठून? फ्रान्समधील लिऑं शहरचे डॉक्टर पॉल नोझिये यांस कांहीं रोग्यांच्या कानांवर डागल्याच्या खुणा आढळल्या. डागल्यानें कमरेपासून पायांत उतरणारी कळ थांबली, असें ते रोगी सांगत. त्यावरून, कान म्हणजे उलट्या गर्भाची आकृति, असा नकाशा नोझिये यांनीं १९५७ च्या सुमारास मांडला. चिनी वैद्यांनीं तो पुढें वाढविला. त्यांच्या रीतीप्रमाणें एक बारीक, काळें, वाटोळें बीं चिकटपट्टीनें कानावर बसवून दिवसांतून अनेक वेळां बोटानें दाबतात. परागज्वरासाठीं नाक, फुप्फुस इत्यादि नांवांचे बिंदु निवडतात.

याचा गुण येतो काय? कानाच्या खोलगट भागांत व्हेगस मज्जातंतूची एक शाखा पोहोंचते, हें खरें. कान कोरतांना एखाद्यास खोकला येतो तो तिच्यामुळेंच. परंतु तेवढ्यावरून कानावर नाकाचा बिंदु आहे, असें ठरत नाहीं. झालेल्या चांचण्या बहुतेक थोड्या रोग्यांवरच्या आहेत. कित्येकांस आराम वाटला. तथापि भलत्या जागीं दाबण्यापेक्षां नेमका बिंदु दाबल्यानें अधिक गुण येतो, असें निश्चयानें म्हणण्यास तेवढा पुरावा पुरत नाहीं. शिवाय बहर ओसरला कीं व्याधि आपोआप शमते आणि श्रेय मात्र बियाला मिळतें.

बीं लावल्यानें फार तर कातडी हुळहुळी होते. खरा धोका निराळा आहे. परागज्वराच्या पुष्कळ रोग्यांस दमाही असतो. अशा रोग्यानें कानावर भरंवसा ठेवून चालूं औषध सोडलें, तर प्रसंग जिवावर बेततो. म्हणून बहराच्या दिवसांत खिडक्या मिटाव्या, डॉक्टरांनीं दिलेली गोळी वा नाकांतील फवारा नियमानें घ्यावा. त्याच्या जोडीस कोणी कान दाबला तर दाबो. मात्र छातींत घरघर होऊं लागतांच हात कानाकडे न नेतां पाय दवाखान्याकडे वळवावे.