संगणकाचा पडदा 'हाय डेफिनिशन' म्हणावा काय?

संगणक विकत घेतांना खोक्यावरील 'एचडी' हीं दोन अक्षरें पाहून पालकांचें समाधान होतें. परंतु मेजावरील संगणकाचा पडदा या नांवास खरोखर पात्र असतो काय?

पडद्यावरील चित्र सूक्ष्म प्रकाशबिंदूंचें बनलेलें असतें; या बिंदूंस पिक्सेल म्हणतात. एका आडव्या रांगेंत १२८० बिंदू व अशा रांगा ७२० असल्या, म्हणजे तें हाय डेफिनिशन; रांगेंत १९२० बिंदू व रांगा १०८० असल्या, म्हणजे फुल एचडी. फुल एचडी पडद्यावर एकंदर २०,७३,६०० बिंदू भरतात. आज विक्रीस येणारे बहुतेक पडदे निदान इतके तरी असतात. तेव्हां प्रश्नाचें उत्तर 'होय' असेंच द्यावें लागेल.

तथापि हें नांव सापेक्ष आहे. १९३६ सालीं लंडनहून बीबीसीनें सुरू केलेली ४०५ रेषांची चित्रवाणीदेखील त्या काळीं 'हाय डेफिनिशन'च म्हणविली जाई! शिवाय फुल एचडीचे तेच बिंदू २४ इंची पडद्यावर एका इंचांत सुमारें ९२ येतात, तर ३२ इंची पडद्यावर सुमारें ६९च. चित्रवाणी आपण दुरून पाहतों. संगणकापुढें मात्र मूल हातभर अंतरावर बसून तासन् तास वाचतें. बिंदू विरळ असल्यास अक्षरांच्या कडा त्यास खडबडीत दिसतात.

सबब, पालकांनीं नुसत्या नांवावर न भुलतां बिंदूंची संख्या व पडद्याचें माप हीं दोन्ही विचारून घ्यावींत. मोठा पडदा तो चांगला पडदा, असा नियम नाहीं.