जुन्या चित्रपट-पोस्टरचे वय कसे ओळखतात?

‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकला. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. उरली आहेत ती छायाचित्रे आणि जाहिरातीचे कागद. मूकपटांच्या काळातील बहुसंख्य चित्रपटांची हीच गत झाली. त्यामुळे जुन्या पोस्टरांचा संग्रह हा निव्वळ हौसेचा विषय राहिलेला नाही. अनेक चित्रपटांच्या बाबतीत पोस्टर हाच शिल्लक पुरावा आहे. मात्र पुरावा अस्सल असावा लागतो, आणि बाजारात खरी अडचण तीच आहे.

एकाच चित्रपटाची पोस्टरे वेगवेगळ्या काळात छापली गेलेली असतात. ‘मुघल-ए-आझम’ १९६० मध्ये प्रदर्शित झाला आणि २००४ मध्ये संपूर्ण रंगीत रूपात पुन्हा पडद्यावर आला. त्याच्या पोस्टरांसाठी कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे यांनी कुंचला चालवला होता. पहिल्या प्रदर्शनाच्या वेळचा कागद, पुनःप्रदर्शनाच्या वेळची छपाई आणि शोभेसाठी अलीकडे काढलेली नक्कल या तिन्हींवर चित्र तेच असू शकते. मोल मात्र सारखे नसते. पुनःप्रदर्शनाचे पोस्टर बनावट नव्हे, फक्त त्याचे वय लपवून ते विकले जाऊ नये.

वय सांगणाऱ्या खुणा बहुधा चित्रात नसतात, तळाच्या बारीक अक्षरांत असतात. तेथे छापखान्याचे नाव-पत्ता असेल आणि पत्त्यात पिन कोड असेल, तर तो कागद १९७२ पूर्वीचा असू शकत नाही. कारण पिन कोडची पद्धत त्याच वर्षी १५ ऑगस्टला सुरू झाली. चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकांना अशीच कसोटी लागते. किंमत ‘नये पैसे’ मध्ये असेल, तर ती पुस्तिका १ एप्रिल १९५७ नंतरची.

छपाईही बोलते. शिळाछापाच्या जुन्या पोस्टरवर भिंगाखाली रंगाचे अनियमित, खडबडीत कण दिसतात. ऑफसेट छपाईत ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. सर्वांत सोपी परीक्षा बोटांची. पोस्टरे घडी घालूनच चित्रपटगृहांकडे जात, म्हणून घडीची रेघ हा दोष मानला जात नाही. पण रेघ डोळ्यांना दिसते आणि बोटाला लागत नाही, तर ती घडी नव्हे, घडीचे छापलेले चित्र होय.

हा कागद काही आठवडे भिंतीवर टिकावा एवढ्याच हिशेबाने बनलेला असे. स्वस्त कागदातील आम्ल त्याला पिवळा व ठिसूळ करते आणि सूर्यप्रकाश रंग उडवतो. नुकसानीचा मोठा वाटा मात्र हौशी दुरुस्तीचाच: चिकटपट्टीचे डाग जात नाहीत आणि लॅमिनेशन पुन्हा उतरवता येत नाही. जाणकार संवर्धक पातळ कागदाचा किंवा कापडाचा आधार खळीने चिकटवतात, म्हणजे पुढे तो काढता येतो. घरच्या संग्रहासाठी आम्लविरहित कागदात, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी पोस्टर सपाट ठेवणे पुरेसे आहे. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चित्रपटांबरोबर पोस्टरे आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जतन केल्या जातात. खरेदीपूर्वी तेथील नोंदींशी ताडून पाहणे संग्राहकाच्या हिताचे ठरते.